थेरपीत संशोधन वापरायचं कसं? नव्या समुपदेशकांसाठी आठ पायऱ्या

"बरं वाटतंय बघा मॅडम, तुमच्याशी बोललं की." सांगलीतल्या माझ्या खोलीतून दर गुरुवारी उठताना एक काकू हे म्हणायच्या. वय साठीच्या पुढे, यजमान जाऊन दीड वर्ष झालेलं, झोप उडालेली, अन्नावरची वासना गेलेली. मी मनापासून ऐकत होते, त्या मन मोकळं करत होत्या आणि काम छान चाललंय अशी माझी खात्री होती. नवव्या सेशनला मी पहिल्यांदा त्यांच्याकडून नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. सत्तावीसपैकी सतरा. त्यांना माझ्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही सतराच लिहिलेलं होतं. दोन महिन्यांत तसूभरही फरक पडलेला नव्हता.

काकू खोटं बोलत नव्हत्या. आपल्याला कोणी पाऊण तास निवांत ऐकतं याचं त्यांना अप्रूप होतं, आणि इतका वेळ देणाऱ्या माणसाला "काही उपयोग नाही" असं तोंडावर सांगायचं वळण आपल्याकडे नाही. चूक माझी होती. त्यांच्यासारख्या माणसाला कशाने बरं वाटतं यावर काय संशोधन झालंय हे मी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना खरंच बरं वाटतंय का हे मोजलंही नव्हतं.

एम.ए. किंवा एम.फिल. करून नुकतंच काम सुरू केलेल्या मुलामुलींसाठी हा लेख लिहिते आहे. कॉलेजात आपल्याला संशोधनाचा पेपर असतो आणि थेरपीचा पेपर असतो, पण एकाचा दुसऱ्यात वापर कसा करायचा हे बहुतेकांना कोणी हाताला धरून शिकवत नाही. मला ते कळायला पाच-सहा वर्षं गेली. तुमची तेवढी जायला नकोत. (लेखातल्या क्लायंटची ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.)

आधी एक गैरसमज दूर करते. 'पुराव्यावर आधारित' काम म्हणजे पुस्तकात बघून साच्यातून थेरपी काढणं, असं अनेकांना वाटतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००५ साली याची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: उपलब्ध असलेलं उत्तम संशोधन, थेरपिस्टचं कौशल्य आणि समोरच्या माणसाचा स्वभाव, संस्कृती, पसंती. वैद्यकात १९९६ साली डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ हेच मांडलं होतं. चुलीला तीन दगड लागतात, तसं हे आहे. संशोधनाचा दगड काढून घेतला की भांडं कलंडतं, आणि नवख्या माणसाच्या खोलीत नेमका तोच दगड नसतो.

आधी जमवाजमव

- पीएचक्यू-९ (नैराश्यासाठी) आणि जीएडी-७ (चिंतेसाठी) या प्रश्नावल्यांचे मराठी नमुने. दोन्ही मोफत आहेत, छापायला परवानगी लागत नाही. बेकची नैराश्य प्रश्नावली मात्र विकत घ्यावी लागते. तिच्या झेरॉक्स फिरवू नका.
- क्लायंटचे आकडे लिहायला एक वही किंवा संगणकावरचा तक्ता. नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक.
- इंटरनेटवर तीन ठिकाणं: पबमेड (शोधनिबंधांची सूची), कॉक्रेन लायब्ररी (एका प्रश्नावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणारे आढावे) आणि ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं. भारतीय संशोधनासाठी इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री, जे सगळ्यांना खुलं आहे.
- तुम्ही जी पद्धत वापरणार तिचं मॅन्युअल. व्याख्यानाच्या नोट्स चालणार नाहीत, कोणत्या सेशनला काय करायचं हे लिहिलेलं मॅन्युअलच हवं.
- सेशन रेकॉर्ड करण्यासाठी मराठीतलं संमतीपत्र.
- फोन उचलतील असे एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ भिंतीवर लावलेला.

१. प्रश्न नीट बांधा

"नैराश्यावर कोणती थेरपी चांगली?" असा प्रश्न घेऊन शोधायला बसलात तर हजारो पेपर (शोधनिबंध) समोर येतील आणि तासाभरात तुम्ही लॅपटॉप मिटाल. प्रश्नाचे चार भाग करा: माणूस कोण, काय करायचा विचार आहे, कशाच्या तुलनेत, आणि काय बदललं तर उपयोग झाला म्हणायचं.

काकूंच्या बाबतीत मी कागदावर लिहिलं ते असं: साठीच्या पुढची बाई, मध्यम ते तीव्र नैराश्य, वाचता येतं पण लिहिण्याचा सराव नाही. तिला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन (ठरवून छोटी कामं करत मनाला उभारी आणायची पद्धत) दिलं, तर नुसतं ऐकून घेण्यापेक्षा तीन महिन्यांत नैराश्याचा आकडा जास्त उतरेल का? हे लिहायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मला हेही उमगलं की आतापर्यंत मी नेमकं कोणतं उपचार देत होते, याला माझ्याकडे नावच नव्हतं.

२. वरून खाली उतरा

शोध इंग्रजी शब्दांनीच करावा लागतो, त्याला इलाज नाही. पण क्रम पाळलात तर फार वाचावं लागत नाही. आधी मार्गदर्शक तत्त्वं बघा, कारण तिथे तज्ज्ञांच्या गटाने शेकडो अभ्यास चाळून शिफारशी काढलेल्या असतात. नाइसच्या २०२२च्या नैराश्याच्या मार्गदर्शनात बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन हा स्वतंत्र पर्याय म्हणून दिलेला आहे. मग कॉक्रेनसारखे आढावे. त्यांचे साध्या भाषेतले सारांश कुणालाही मोफत वाचता येतात, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. सुटे अभ्यास सगळ्यात शेवटी, तेही आपल्या माणसांवर झालेले आधी.

इथला सापळा: एका अभ्यासाचा मथळा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या खोलीत शिरतो. एक अभ्यास म्हणजे एक साक्षीदार. निकाल देण्याआधी बाकीच्यांनाही ऐका.

३. एक पेपर शेवटपर्यंत वाचा

ही पायरी मी लांबवणार आहे, कारण इथेच बहुतेक जण घाबरतात. शेजारच्या गोव्यात झालेला एक अभ्यास घेऊ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने 'हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम' नावाचं, बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशनवर बेतलेलं उपचार तयार केलं होतं, त्याची ही परीक्षा होती.

पहिला प्रश्न: माणसं कोण होती? गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले १८ ते ६५ वयाचे रुग्ण, ज्यांचा पीएचक्यू-९ चा आकडा १४ च्या वर होता. एकूण ४९५ जण. म्हणजे माझ्या काकूंसारखेच, ताप-सांधेदुखीसाठी डॉक्टरकडे गेलेले आणि आतून खचलेले लोक.

दुसरा प्रश्न: गट कसे पाडले? कोणाला काय मिळणार हे संशोधकांच्या मर्जीवर नव्हतं, ते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरलं. हे का महत्त्वाचं? ज्याला बरं व्हायची उमेद जास्त, तो आपणहून थेरपी मागतो. अशांना एका गटात जाऊ दिलं तर थेरपीला न कमावलेलं श्रेय मिळतं.

तिसरा: तुलना कशाशी? यावर बोट ठेवून थांबा. ज्या अभ्यासात दुसऱ्या गटाला नुसतं प्रतीक्षायादीत बसवलेलं असतं, तिथे कोणतीही थेरपी उजळून दिसते. गोव्यात दुसऱ्या गटातल्या रुग्णाला आणि त्याच्या डॉक्टरला तपासणीचा निकाल सांगितला होता, आणि काय उपचार करायचे याच्या सूचना डॉक्टरला दिल्या होत्या. तुलना बऱ्यापैकी कडक होती.

चौथा: उपचार कोणी दिलं, किती दिलं? देणारे स्थानिक लोक होते, मानसिक आरोग्याचं आधीचं कसलंही शिक्षण नसलेले, या कामासाठी तयार केलेले. सहा ते आठ सेशन, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्याकडे पदव्या होत्या, आणि नऊ सेशनमध्ये मी काकूंना जे दिलं नव्हतं ते तिथल्या गावातली माणसं आठ सेशनमध्ये देत होती.

पाचवा: फरक किती पडला? तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. वजाबाकी करा: २५. शंभराला पंचवीस, म्हणजे चौघांना हे उपचार दिलं तर त्यातला एक असा, जो एरवी बरा झाला नसता. मानसोपचारात ही चांगलीच कमाई आहे. आता उलट बाजूने बघा. ३९ टक्के लोक या थेरपीशिवायही बरे झाले. तुमच्याकडे येऊन बरे होणाऱ्या क्लायंटपैकी काही जण तुम्ही नसतात तरी बरे झाले असते, हे पचवायला जड जातं, पण ते लक्षात ठेवलं तर पाय जमिनीवर राहतात.

आणखी एक बारकावा. इथे 'बाहेर आले' म्हणजे आकडा दहाच्या खाली गेला. इतर काही ठिकाणी पाचच्या खाली गेल्याशिवाय तसं म्हणत नाहीत. टक्केवारी वाचण्याआधी व्याख्या वाचा. अभ्यासागणिक व्याख्या बदलली की टक्केवारीही बदलते.

सहावा: टिकलं का? त्याच लोकांना बारा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा दोन गटांतला फरक कमी झाला होता, पण टिकून होता. असा पाठपुरावा केलेला अभ्यास दिसला की त्याला जास्त वजन द्या.

हे सहा प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पहिल्या पेपरला मला अख्खी संध्याकाळ लागली होती, आता वीस मिनिटं लागतात. सांख्यिकीची सूत्रं आली नाहीत तरी या प्रश्नांवर काम भागतं.

एक जोडून सांगते. त्याच गोव्यात आधी झालेल्या 'मानस' नावाच्या अभ्यासात (तोही लॅन्सेटमध्ये, २०१०) प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांचा फायदा सरकारी आरोग्य केंद्रांत दिसला, खासगी दवाखान्यांत दिसला नाही. उपचार तेच, प्रदेश तोच, जागा बदलली आणि निकाल बदलला. म्हणून पुढची पायरी.

४. आपल्या माणसाला लागू पडतं का ते बघा

परदेशातल्या अभ्यासाला "आपल्याकडे हे चालत नाही" म्हणून उडवून लावणं सोपं आहे, आणि डोळे मिटून तसंच्या तसं उतरवणंही सोपं आहे. दोन्हींपेक्षा थोडे कष्ट घ्या. उपचाराचा गाभा कोणता आणि पेहराव कोणता, हे वेगळं करा. पेहराव हवा तसा बदला, गाभ्याला हात लावू नका.

बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशनचा गाभा असा: माणूस खचला की एकेक काम सोडत जातो, कामं सुटली की मन आणखी खचतं, हा फेरा कृतीच्या बाजूने तोडायचा. मनाला उभारी येण्याची वाट न बघता, छोटं काम ठरलेल्या वेळी करायचं आणि मनावर काय परिणाम झाला ते टिपायचं. काकूंना तासातासाचा तक्ता भरणं जमणार नव्हतं. आम्ही स्वयंपाकघरातलं कॅलेंडर वापरलं. काम झालं की तारखेवर हळदीचं बोट, झालं आणि बरं वाटलं तर कुंकवाचं. पहिल्या आठवड्याचं काम एकच होतं: संध्याकाळी उंबऱ्यावर न बसता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. यजमान गेल्यापासून त्यांनी मंगळवारचं भजनी मंडळ सोडलं होतं, "लोक काय म्हणतील" म्हणून. तिथं परत जायला पाच आठवडे लागले. आधी नुसतं मागे बसायचं, गायचं नाही, असं ठरवून गेल्या. त्या मंगळवारच्या चौकोनात त्यांनी कुंकवाची दोन बोटं लावून आणली होती.

पेहराव बदलताना गाभाच कसा हरवतो, हेही माझ्याच हातून झालेलं सांगते. ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा तीच कृती करायला लावणारा आजार) असलेला एक कॉलेजचा मुलगा, हात धुवून धुवून कातडी सोललेली. त्याच्यासाठी पुराव्याचं उपचार म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं आणि हात धुण्याची कृती रोखायची. मला त्याची कीव आली. सामोरं जाणं मी पुढे ढकलत राहिले आणि श्वासाचे, शिथिलीकरणाचे व्यायाम देत राहिले. घरी आई दर वेळी "अरे, स्वच्छ आहेत हात" म्हणून धीर द्यायची, त्यालाही मी मान डोलावली. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ओसीडीच्या अनेक अभ्यासांत शिथिलीकरण हे तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेलं कमकुवत उपचार असतं. मी त्याला नेमकं तेच देत होते. आणि धीर देणं हा त्या आजाराला मिळणारा खुराक होता. त्या मुलाचे चार महिने माझ्या कनवाळूपणात गेले, परीक्षाही बुडाली.

५. क्लायंटला सगळं सांगा

थोडक्यात, पण टाळू नका. काय उपचार देणार, त्याने साधारण किती जणांना फायदा होतो, दुसरे पर्याय कोणते, गोळ्यांचं काय, किती सेशन लागतील. आपल्याकडे "तुम्हीच सांगा मॅडम, तुम्ही म्हणाल तसं" असं उत्तर येतं. ते आलं तरी दोन पर्याय समोर ठेवा आणि आठवडाभर विचार करायला द्या. घरच्यांशी बोलायचं तर क्लायंटला विचारून. तुमची पात्रता किती, नोंदणी कोणती, हेही सांगा. तीव्र आजार, भास, जिवाला धोका असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवा, म्हणजे वेळ आल्यावर त्यांना टाकून दिल्यासारखं वाटत नाही.

६. पहिल्या दिवसापासून मोजा

लेखातलं एकच काही उचलणार असाल तर हे उचला.

आपल्याला वाटतं, क्लायंट घसरायला लागला तर कळेलच की. २००५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थेरपिस्टांना विचारलं होतं की तुमच्या क्लायंटपैकी कोणाची तब्येत बिघडेल? ५५० क्लायंटपैकी शेवटी ४० जणांची बिघडली. थेरपिस्टांनी मिळून नावं सांगितली होती तीन, आणि त्यातलं बरोबर निघालं एक. या गटात शिकाऊ होते तसे अनुभवीही होते. २०१२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात १२९ व्यावसायिकांना स्वतःच्या कौशल्याला गुण द्यायला सांगितलं, तर स्वतःला सरासरीच्या खाली मानणारा एकही निघाला नाही. यात कोणी वाईट नव्हतं. खोलीत बसलेल्या माणसाला स्वतःच्या कामाचा अंदाज येत नाही, एवढंच. काकूंच्या बाबतीत मलाही आला नाही.

पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण. ५, १०, १५, २० हे टप्पे: सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र. आकडा पाचाने उतरला तर खरा फरक पडला असं धरतात. एक-दोनाच्या चढउताराने हुरळूही नका, खचूही नका.

भरून कसं घ्यायचं यातच खरी मेख आहे. सेशनच्या आधी भरून घ्या, नंतर नाही. नंतर भरलेला आकडा तुमच्यासाठी भेट म्हणून येतो. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा, शब्द जसेच्या तसे, उदाहरणं न जोडता. सून किंवा मुलगा शेजारी बसून उत्तरं देत असेल तर त्यांना आदराने बाहेर बसवा. आणि पहिल्या वेळी हे सांगा: "काकू, हा माझा रिझल्ट आहे, तुमचा नाही. आकडा कमी झाला नाही तर मी काहीतरी बदलायला पाहिजे, एवढंच कळतं." हे वाक्य बोलायला लागल्यापासून माझ्याकडचे लोक खरं लिहायला लागले.

बेरीज करण्याआधी नववा प्रश्न बघा. तो मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर बाकी सेशन बाजूला ठेवायचं. किती वेळा विचार येतो, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का (आपल्या भागात घरात ठेवलेलं कीटकनाशक हे आधी विचारा), घरी कोण आहे. थेट विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. न विचारल्याने मात्र माणूस एकटा पडतो. प्रश्नावली घेऊन फाइलला लावली आणि नववा प्रश्न पाहिलाच नाही, असं घडायला एक घाईची संध्याकाळ पुरते.

तब्येतीबरोबर नातंही तपासा. थेरपिस्ट आणि क्लायंटच्या नात्याचा निकालाशी असलेला संबंध २०१८च्या एका मोठ्या आढाव्यात २९५ अभ्यासांतून दिसला आहे. कोणतीही पद्धत वापरा, हा धागा सुटला तर ती चालत नाही. दर सेशनच्या शेवटी मी विचारते, "आज माझं काय खटकलं?" "काही खटकलं का?" असं विचारलं तर उत्तर "नाही हो" येणार. "काय" विचारलं की चौथ्या-पाचव्या वेळेला काहीतरी निघतं.

७. आकडा हलत नसेल तर

चौथ्या ते सहाव्या सेशनपर्यंत काहीच हालचाल नसेल तर "अजून थोडं बघू" म्हणू नका. मी या क्रमाने तपासते.

शरीर: थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलंय का? झोपेच्या किंवा बीपीच्या गोळ्या नव्याने सुरू झाल्यात का? घर: मारहाण आहे का, दारू आहे का, कर्जवसुलीवाले येतात का? घरात मार खाणाऱ्या बाईला विचार बदलायचे व्यायाम देणं हा तिच्यावर आणखी एक अन्याय आहे. तिथे आधी सुरक्षितता. उपचार: घरचं काम खरंच होतंय का, की दर वेळी "राहून गेलं"? मी मॅन्युअलप्रमाणे करते आहे की अर्ध्या वाटेत गप्पांवर आले? निदान: नैराश्य म्हणून धरलेलं दुसरंच काही आहे का, पूर्वी कधी अतिउत्साहाचे दिवस येऊन गेलेत का? आणि नातं, ज्याबद्दल वर लिहिलं.

यातलं एक काही बदला, लिहून ठेवा, दोन-तीन सेशन बघा. तरीही हललं नाही तर डॉक्टरांकडे किंवा दुसऱ्या थेरपिस्टकडे पाठवा. पाठवताना सोबत आकड्यांचा कागद द्या.

थेरपीने नुकसानही होऊ शकतं, हे आपल्याला शिकवताना कोणी ठासून सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा मी शाळेतल्या एका निवारा केंद्रात जात होते. चिखलातून आलेल्या बायकांना गोलात बसवून "काय काय झालं ते सगळं सांगा, रडून मोकळ्या व्हा" असं एकाच बैठकीत करून घेणारा एक गट तिथे आला होता, आणि पहिल्या दिवशी मीही त्यात बसले. हेतू चांगला होता. पण आपत्ती किंवा अपघातानंतर लगेच, बहुतेक एकेकट्या माणसासोबत, एकदाच घेतलेल्या अशा सत्रांबद्दल कॉक्रेनचा आढावा २००२ पासून उपलब्ध आहे: त्यांनी पुढचा मानसिक आघात टळत नाही, आणि काही लोकांचं उलट जास्त बिघडलेलं दिसलं. जागतिक आरोग्य संघटना अशा वेळी मानसिक प्रथमोपचार सुचवते. पाणी, पांघरूण, नातेवाइकांचा ठावठिकाणा, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणं. खोदून विचारायचं नाही. मी रात्री घरी येऊन हे वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून हरवलेल्या आधार कार्डांची आणि गोळ्यांची यादी करायला बसले. त्या यादीच्या निमित्ताने बायका आपणहून जेवढं बोलल्या तेवढंच ऐकलं.

८. दुसऱ्याला ऐकवा आणि हिशोब ठेवा

नुसत्या वर्षांनी माणूस सुधारत नाही. २०१६ साली १७० थेरपिस्टांचे साडेसहा हजार क्लायंटचे निकाल पाहिले, तेव्हा अनुभव वाढत गेला तसे निकाल सुधारलेले दिसले नाहीत. सरासरी किंचित उतरलेलीच होती. स्वतःचं काम कोणी तपासत नसेल तर हे व्हायचंच.

गोव्याच्या त्या कार्यक्रमात समुपदेशक एकमेकांची रेकॉर्ड केलेली सेशन ऐकून गुण द्यायचे. ते तुम्हीही करू शकता. तुमच्यासारखे दोघं-तिघं शोधा, महिन्यातून दोनदा भेटा, संमती घेतलेल्या सेशनचा वीस मिनिटांचा तुकडा ऐका आणि मॅन्युअल समोर ठेवून सांगा, काय झालं, काय राहिलं. चांगलं झालेलं सेशन नेऊ नका, अडकलेलं न्या. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना मला घाम फुटला होता: काकूंनी "पण मला वाटतं..." म्हणून सुरू केलेलं वाक्य मी एका सेशनमध्ये सहा वेळा तोडलं होतं.

शनिवार-रविवारच्या कार्यशाळांबद्दलही इथेच सांगते. प्रमाणपत्र हातात पडलं म्हणजे पद्धत आली असं होत नाही. पैसे भरण्याआधी तिसऱ्या पायरीतले सहा प्रश्न त्या पद्धतीला लावा. आयोजकांकडे उत्तरादाखल फक्त अनुभवकथन असेल, तर ते पैसे नियमित सुपरव्हिजनवर, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून आपलं काम तपासून घेण्यावर, खर्च करा.

आणि वही. प्रत्येक बंद झालेल्या केसची एक ओळ: क्रमांक, अडचण, उपचार, सेशन किती, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, तीन महिन्यांनी फोन केला तेव्हाचा आकडा. काकूंच्या ओळीत १७, ८ आणि ९ असे तीन आकडे आहेत. जे मध्येच यायचे थांबले त्यांचीही ओळ घाला, शेवटच्या ज्ञात आकड्यासकट. सुरुवातीला मी ती घालत नव्हते, त्यामुळे माझा हिशोब फार सुंदर दिसायचा. ती घातल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्याकडचे बहुतेक लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या सेशनच्या मध्ये गळतात. आता दुसऱ्या सेशननंतर दोन दिवसांनी मी फोन करते.